साडेतीन मिलिमीटर

स्कार्वहोल्म बेटावर झाड नाही.
म्हणजे खरोखरच नाही: कुत्र्याला तंगडी वर करायला
विजेचा खांबसुद्धा नाही,
कारण वीज येते समुद्राखालून.

गुडलौग मावशीनं तरी रोवन लावून पाहिलं.
एकदा नाही, अकरा वेळा.
माशांच्या खोक्यांचं कुंपण, मुळाशी कॉडची डोकी,
रोज संध्याकाळी एक बादली, काठोकाठ.
दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात खारा वारा यायचा
आणि रोप उभ्या उभ्या काळं पडायचं.
"पाणी कमी पडलं," ती म्हणायची,
बादली उपडी घालायची,
आणि आठवडाभर कुणाशी धड बोलायची नाही.

जानेवारीत बेट अंधारलं.
गोठवणघर थांबलं, मासा पाझरू लागला,
लोकांनी मेणबत्त्या शोधल्या, मग शिव्या.
जहाजानं केबल वर ओढली,
करवतीनं कापलेला हातभर तुकडा
ट्रॉन्डहाइमला माझ्या टेबलावर आला,
अजून शेवाळाचा वास येत होता त्याला.

एकतीस वर्षं तळाशी पडून होती ती.
बाहेरून धडधाकट, एक ओरखडा नाही.
मी पातळ चकत्या काढल्या, काकडीच्या काढतो तशा,
निळ्या रंगात बुडवून ठेवल्या
आणि सकाळी भिंगाखाली पाहिलं तर

रान.

तारेच्या कडेला बुंधे,
वर फांद्या, फांद्यांना डहाळ्या,
डहाळ्यांना नुसताच निळा धूर.
काही मधेच उगवलेली, जमीन नसलेली,
दोन्ही अंगांनी पसरलेली, बो टायसारखी.
इथं वारा पोचत नाही. मेंढी पोचत नाही.
आहे फक्त दाब,
सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलून ढकलणारा,
आणि पाणी.
तेही किती? तळहाताच्या घामाइतकंसुद्धा नाही,
प्लास्टिकच्या कातडीतून
आत येत राहिलेलं, एकेक कण,
मी शाळेत जात होते, नोकरी शोधत होते, घटस्फोट घेत होते, तेव्हाही.
कुणी बादली घातली नव्हती.

हे लाकूड नव्हे, एवढं मला शिकवलंय.
पोकळ्या आहेत, धुळीहून बारीक, पाण्यानं भरलेल्या,
झाड हा फक्त त्यांचा एकमेकींशेजारी उभं राहण्याचा प्रकार.
इतकी वर्षं त्यांनी कुणाचं वाईट केलं नाही.
मग सगळ्यात उंच फांदीच्या टोकाला
दुसरंच झाड फुटलं,
काळं, कोळशाचं, विजेचं.
त्याला पाणी लागत नाही.
त्याला एक रात्र पुरते.

अहवालात मी लिहिलं:
आवरणाची जाडी साडेपाच मिलिमीटर,
झाडाची उंची साडेतीन.
फोनवर मावशीलाही सांगितलं.
पलीकडे किटली शिट्टी मारत राहिली,
तिनं ती उतरवली नाही.
"माझं सगळ्यात मोठं गुडघ्यापर्यंत आलं होतं," ती म्हणाली.
आणि मग, "दाखव."

न रंगवलेली एक चकती टेबलावरच राहिली होती.
सोमवारी बघते तर झाड गेलेलं.
पानगळ नाही, खोड नाही, काचेसारखं स्वच्छ.
वाळली की ही झाडं अशीच निघून जातात.
गरम पाण्यात उकळत ठेवली
तर हळूहळू, दुधट,
तीच फांदी, त्याच जागी.

ईस्टरला बोटीनं गेले.
मांडीवर जॅमची रिकामी बरणी,
बरणीत पाणी, पाण्यात चकती.
मावशीनं ती खिडकीशी नेली, चष्म्यावर भिंग धरलं,
बराच वेळ काही बोलली नाही.
"रोवन नाही हे."
"नाही."
तिनं बरणी खिडकीत ठेवली,
समुद्राकडे नाही, घराच्या बाजूला वळवून,
आणि विचारलं, पाणी किती घालू, टोरुन?

झाकण घट्ट आहे, काहीच घालावं लागणार नाही,
असं मी सांगणार होते.
"कमी पडू देऊ नकोस," म्हणाले.